गल्लीकडचं दार

मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्याच्या दुसऱ्या वर्षी तालुक्याच्या सरकारी दवाखान्याला साताऱ्याकडचे मोठे डॉक्टर मिळाले. येताना त्यांनी एक टेनिसची रॅकेट आणली आणि एक योजना. टेनिसला गावात जोडीदार मिळेना, तेव्हा सगळा जोर योजनेवर आला.

योजना नोकरवर्गाला विचारून करावी, असा वरचा हुकूम होता. म्हणून साहेबांनी सगळ्यांना व्हरांड्यात उभं केलं, स्वतः खुर्चीत बसले आणि विचारायच्या ऐवजी सांगायला लागले. योजनेच्या नकाशात गल्लीकडच्या दारावर तांबडी फुली होती. ते दार बुजवायचं, सगळे रोगी पुढच्या फाटकातून घ्यायचे, एकाच मेजावर नावं लावायची.

बायकांच्या वॉर्डाची नर्स मैमुना ती फुली बघून हादरली. गल्लीकडच्या दाराला बैलगाडी लागली, की पडद्यातली बाई थेट खाटेवर यायची. पुढच्या फाटकात पुरुषांची बाकं, विड्यांचा धूर, चार ओळखीची तोंडं. दिवस भरलेली सून तिथनं कुणी नेणार नव्हतं. मुसलमान नाही आणि पाटीलही नाही. बायका घरीच अडणार होत्या आणि त्यातल्या काही मरणार होत्या.

"काम महिनाभर चालेल," साहेब म्हणाले. "सगळे हजर पाहिजेत. कुणाला काही बोलायचंय?"

कंपाउंडर चाँदपाशा आपल्या बुटांकडं बघत होता. बाकीचेही त्याच्याच बुटांकडं बघत होते. मैमुना पुढं आली.

"माझी रजा न्हाय, साहेब."

"उत्तम! आणि सगळेच ऐका, रजा कुणालाच मिळणार नाही."

मैमुनाचे कान तापले. शेजारी बैठकीचं टिपण करणाऱ्या हेडक्लार्क बब्रुवानानं हसू मिशीत दाबलं.

"बघितलंस का रुद्रम्मा?" वॉर्डात येऊन ती आयाला म्हणाली. "तोंडावर सांगतो, कुणाची रजा चालायची न्हाय! मग बोलावलं कशाला, दरबार भरवायला?"

"आपा, गप बसा की. नोकरी हाय."

पण गप कुणीच बसलं नाही. साहेबांनी तिच्या वॉर्डातला टेबलपंखा पुढच्या मेजावर नेला. तिनं साहेबांना सलाम करायचं सोडलं आणि ते फेरीला आले की पडदे ओढायला लागली. मग एके सकाळी विटा येऊन पडल्या. मैमुनानं स्टूल ओढलं आणि दाराच्या मधोमध बसली.

"उठा," साहेब म्हणाले. "बैठकीत सगळ्यांची संमती झालीय. तसं वर कळवलंय मी. दार बुजवल्याचंसुद्धा कळवलंय."

"झूट! म्या सगळ्यांदेखत सांगितलं, माझी रजा न्हाय म्हणून."

"सुट्टीचा इथं काय संबंध?"

"सुट्टी कोण मागतंय? तिला आमी रुखसत म्हणतो!"

साहेब बब्रुवानाकडं वळले. निजामाच्या कचेरीत उर्दू खरडून बब्रुवानाचा हात मुरला होता.

"ह्यांच्यात रजा म्हंजे राजीखुशी, साहेब," तो म्हणाला. "बाई नको म्हणत होत्या."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुम्ही विचारलं न्हाय."

गवंड्यांनी माना खाली घातल्या. साहेबांचा चेहरा नकाशातल्या फुलीसारखा झाला. "हिच्या दोन्ही बाजूंनी बांधायला घ्या," ते ओरडले. "किती वेळ बसते बघू!"

गुडघाभर विटा चढल्या, तोच सोनारीहून आलेली गाडी गल्लीत थांबली. आत कण्हणं चालू होतं. सासू मथुराबाई खाली उतरली.

"ओ मुकादम, सरका की! पोरीचं पाणी गेलंय, अन् तुमी वाटंत भांडताव व्हय?"

"मी इथला मोठा डॉक्टर आहे. पुढच्या फाटकातून न्या."

"तिथं गडी बसल्यात. तुमची सून न्या की आधी तिथनं!"

मैमुना उठली. पोरीला हात दिला तर दार मोकळं राहणार होतं, आणि गवंड्याची थापी वर उचललेलीच होती. तिनं एकदा विटांकडं बघितलं आणि पोरीला बगलेत धरून आत गेली. मागं स्टूल कुरकुरलं. मथुराबाई त्यावर फतकल मारून बसली होती.

"बांधा आता," ती गवंड्यांना म्हणाली. "मला चिणा."

उन्हं कलताना पोर झालं. मैमुना बाहेर आली तेव्हा साहेब गेले होते, गवंडीही गेले होते. मथुराबाई आत नातू बघायला धावली. मैमुना खाली बसून ओल्या विटा एकेक करून काढायला लागली. मागं बब्रुवान कागद घेऊन उभा राहिला.

"बदली. तेरखेड्याला. उद्याच निघायचंय."

"अन् दार?"

"दार बुजलंय म्हणून वर गेलंय. बुजलेलं दार बुजवायला परत विटा कोण देतंय त्यांना? राहील उघडंच. तुम्ही मात्र नसाल." त्यानं कागद पुढं केला. "घ्या."

"थांबा जरा," मैमुना म्हणाली. "हात चिखलानं भरलेत." आणि तिनं पुढची वीट काढली.