पडद्यातला फोन आणि घड्याळजी

धाकटीला सकाळपासून धीर धरवत नव्हता. बाबांसाठी तिने केलेलं, बटण दाबलं की त्यांच्या वतीने बोलणारं ॲप आज चालायचं होतं! अर्धांगवायूच्या झटक्याने त्यांची वाचा गेली, त्याला आठ महिने झाले होते. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला हा माणूस, पण हवं ते बोटाने दाखवायची चित्रांची पाटी पुढे केली की सरळ ढकलून द्यायचा. आता हेही त्यांनी नाकारलं, तर धाकटीचे सगळे उपाय संपणार होते.

तिचा स्वतःचा फोन इतका म्हातारा, की ॲप उघडताच मान टाकायचा. म्हणून तिने कॉम्प्युटरमध्येच एक आभासी फोन उभा करायचं ठरवलं. पठ्ठ्या सुरूच होईना. कॉम्प्युटरच्या पोटात दुसरं यंत्र चालवायची परवानगीच बंद होती. ती तिने शोधून चालू केली. मेमरी देताना हात आखडता घेतला होता, तो सैल सोडला. पंखा घरघरला आणि पडद्यावर चक्क एक फोन उजळला.

"आई, लागला गं! बाबांना आण!"

आईने बाबांची चाकाची खुर्ची आणली. "फोन कुठाय?"

"हा काय, कॉम्प्युटरच्या आत."

"आणि बाहेर कसा काढणार?"

धाकटीने हसत बाबांचा डावा हात माउसवर ठेवला. समोर सहा मोठी बटणं होती: पाणी, भूक, दुखतंय, दिवा, ये, चूक. बाबांनी डोळे बारीक केले. बाण थरथरत निघाला आणि शेवटच्या बटणावर थांबला.

"चूक," कॉम्प्युटर बोलला.

धाकटीचं तोंड एवढंसं झालं. "नको का हे, बाबा?"

"चूक. चूक. चूक."

"अगं, काहीतरी दाखवतायत ते," आई म्हणाली.

बाबांनी माउस सोडून थेट काचेवर बोट टेकवलं, फोनच्या वरच्या कोपऱ्यात. तिथे पहाटेचे तीन वाजले होते आणि भिंतीवरच्या घड्याळात दहा. नव्या फोनने आपल्या मनाने वेळ लावली होती आणि घड्याळजीच्या लेकीने तिकडे पाहिलंसुद्धा नव्हतं! लहानपणी ती घड्याळाला चावी द्यायला विसरली की बाबा अस्संच बोट रोखायचे.

"आई, बाबा मला रागावले!" धाकटी आनंदाने ओरडली. डोळे पुसत तिने वेळ नीट लावली.

बाबांनी ती भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिली. मग पुन्हा माउस धरला. या खेपेला बाण सावकाश फिरला.

"ये," कॉम्प्युटर म्हणाला.