शनिवार सोडून

"कादंबरी ही लिहिणार, आणि उसळ माझी करपणार," शोभाबाई माउथपीसवर हात ठेवून पुटपुटली. आमच्या खुर्च्यांमध्ये वीतभर अंतर. हात माउथपीसवर होता, माझ्या कानावर नव्हता.

सुरतच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आम्ही एकशे सत्त्याण्णववर बसायचो. लोक नाव सांगत, आम्ही नंबर. "बेन, पेला जरीवाळा मगनभाई," म्हणजे 'ते जरीवाले', एवढ्यावर मगनभाई शोधून द्यायचे. दोन फोनांमध्ये घोटभर पाणी मिळालं तर नशीब.

मराठी वाचनालयाच्या फळ्यावर लिहिलं होतं: डिसेंबरच्या एकतीस दिवसांत कादंबरी, रोज चार पानं. सहा नावं आली होती, बहुतेक पेन्शनीतले मास्तर. मी अकरावीपर्यंतच शिकलेली. सर्वांत खाली, बारीक अक्षरात 'रजनी' लिहून आले.

नोव्हेंबर तयारीत गेला. फुलस्केपचे चार दस्ते आणले, भाजणी दळून ठेवली, सिलिंडर आधीच नोंदवला. नायिकेचं गाव ठरलं, तिच्या घराच्या खिडक्यासुद्धा मोजून झाल्या. वेळ तेवढा नव्हता. सोमवार ते शुक्रवार माझी संध्याकाळची ड्यूटी, रात्री नऊला सुटणारी. घरी आल्यावर डोक्यात नुसते नंबर वाजत राहायचे. महिनाभर सकाळपाळी मिळाली तर संध्याकाळी लिहिता येणार होतं, आणि त्या सकाळी शोभाबाईकडे होत्या. दुपारचे दोन तास तेवढ्या आमच्या पाळ्या एकत्र यायच्या.

जेवायच्या सुट्टीत मी अदलाबदलीची चिठ्ठी तिच्यापुढे ठेवली.

"देते," ती म्हणाली. "हिलालराव ओरडतील. ओरडू दे, तेवढाच घरात आवाज. फक्त ताई, शनिवारची संध्याकाळची ड्यूटी आधीपासून माझीच. म्हणजे आठवडाभर एकही संध्याकाळ घरी नाही."

"मग एक दिवस मी करते. कोणता?"

"कोणताही. बघा तुम्ही."

हिलालराव म्हणजे तिचा नवरा, भेस्तानला लूमच्या कारखान्यात मास्तर. कारखान्याला सुट्टी शनिवारी. हे मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक होतं. तरी दीड वर्षात तिने शनिवार मागितला नव्हता.

शनिवारची मोकळी संध्याकाळ माझी होती. दीड वर्षापूर्वी माझ्या नवऱ्याची, विनायकांची, बँकेतून बारडोलीला बदली झाली, तेव्हा त्यांनी तिथेच खोली घेतली. "शनिवारी येत जाईन," म्हणाले. बारडोली म्हणजे बसने तासाभराचा रस्ता. आमच्या गल्लीतले दोघे रोज जाऊन येऊन करतात. पण शनिवार ठरला तर शनिवार. मी वाल भिजवायची, सोलायची, बिरडं करायची. सोमवारी तेच बिरडं डब्यात आणायची. "मुरल्यावरच चव येते हो," शोभाबाई म्हणायची आणि एक वाटी मागून घ्यायची. ऑफिसात कोणाचं लग्न असो, कोणी तापाने पडलेलं असो, शनिवारच्या संध्याकाळी मला कोणी ड्यूटीचं विचारत नसे.

आम्ही चिठ्ठी घेऊन बळीरामभाऊंकडे गेलो. ड्यूटीचा तक्ता तेच लावायचे. चष्मा कपाळावरून खाली घेऊन त्यांनी वाचलं.

"एकतीस दिवसांत अख्खी कादंबरी? आम्हाला एक रजेचा अर्ज लिहायला आठवडा लागतो." त्यांनी पेन्सिल उचलली. "शनिवार सोडून ना? शनिवार आहे तसा."

"हो, तसाच," शोभाबाई माझ्या आधी बोलली.

"तेच म्हटलं. साहेबांना जमेल तेव्हा येतील बिचारे. बँकेत हल्ली मार्च एंडिंगचं काम."

नोव्हेंबरची अठ्ठावीस तारीख होती. शोभाबाई खिडकीबाहेर बघू लागली. मीही बघितलं. बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं, एक सायकल स्टँड आणि त्यात एक सायकल.

तक्त्यावर शोभाबाईच्या नावापुढे सहा संध्याकाळी ओळीने लागल्या होत्या. तिचं बोट शनिवारच्या चौकोनापर्यंत गेलं आणि मागे आलं. पदराने तिने उगाच टेबलाची कड पुसली.

"करू फायनल?" बळीरामभाऊ म्हणाले.

"शनिवारची संध्याकाळ मला लावा," मी म्हटलं.

"अहो पण साहेब—"

"हे येत नाहीत, बळीरामभाऊ. पहिले दोन महिने आले. आता येणार नाहीत."