देवळीतली बाटली

"माय, देवळीतली बाटली कुठंय?"

रामकिसनने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा गोजरबाईंनी ताक घुसळायचं थांबवलं. जालन्याची एसटी आठला केदारखेड्यात येते आणि रामकिसन इस्त्रीचा शर्ट घालून तयार उभा होता.

"धुऊन पालथी घातली ओट्यावर," गोजरबाई म्हणाल्या. "अन आतलं पुरलं."

"पुरलं? कुठं?"

"कुठं म्हंजे? न्हाणीमागं. उषाच्या तिन्ही लेकरांची वार तिथंच हाय ना."

रामकिसन मटकन खाली बसला. आत गोधडीवर पडलेल्या त्याच्या बायकोने, उषाबाईने, सगळं ऐकलं आणि डोळे मिटून घेतले.

त्र्याण्णव सालची ही गोष्ट. उषाबाई तेव्हा शेहेचाळीस वर्षांची होती. पाळी जाता जाता अशी घर डोक्यावर घेईल हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. दोन-दोन महिने पत्ता नसायचा, आणि आली की पंधरा दिवस मुक्काम. त्या घरात बाईने चार दिवस पडवीत पोत्यावर बसायचं, पाचव्या दिवशी न्हाऊन चुलीला हात लावायचा. पोतंही ठरलेलं, कोपऱ्याला निळं ठिगळ लावलेलं. उषाबाई पाचव्या दिवशी न्हायची आणि सहाव्या दिवशी पुन्हा पोत्यावर जाऊन बसायची. दिवाळीपासून सत्तरीच्या गोजरबाई एकट्या भाकरी थापत होत्या. नियम काही त्यांनी केला नव्हता, पण मोडायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

शेजारच्या केशरबाईंचं म्हणणं एकच, पिशवी काढून टाक, कटकट मिटेल. गल्लीत चौघींच्या पिशव्या निघाल्या होत्या आणि ऑपरेशनचा विषय निघाला की त्या चौघी लग्नाच्या गोष्टी सांगाव्या तशा खुलायच्या. उषाबाईही कंटाळून तयार झाली होती.

भोकरदनच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र घाई केली नाही. पिशवीला आतून एक अस्तर असतं, महिन्याला ते वाढतं आणि गळून जातं, असं त्यांनी नवराबायकोला समोर बसवून समजावलं. या वयात शरीराचं वेळापत्रक बिघडतं, मग अस्तर नुसतं वाढतच राहतं आणि रक्त थांबत नाही. बहुतेकींना गोळ्यांनी आराम पडतो. पण एखादीच्या अस्तरात कॅन्सर निघतो, म्हणून आधी तपासायचं. त्यांनी पिशवी साफ केली, निघालेलं अस्तर औषधाच्या पाण्यात घालून बाटली रामकिसनच्या हाती दिली आणि जालन्याच्या लॅबमध्ये पोचवायला सांगितलं.

संध्याकाळी घरी आल्यावर त्याने बाटली भिंतीतल्या देवळीत ठेवली. हे काय, असं आईने विचारलं, तर "उषाच्या पिशवीतलं हाय," एवढं तोंडातल्या तोंडात पुटपुटून तो बैलांकडे निघून गेला. पन्नाशीचा बाप्या, पण आईशी असल्या गोष्टी बोलायची त्याला लाज वाटली. त्या लाजेनेच घात केला.

गोजरबाईंचा विचार सरळ होता. पिशवीतून जे निघतं ते घराच्या जागेतच मातीला द्यायचं. त्याला कुत्र्याचं नाहीतर कावळ्याचं तोंड लागलं तर बाईला भोगावं लागतं. उजाडता उजाडता त्यांनी खुरप्याने खड्डा केला, वर दगड ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि सुनेचं दुखणं मातीत जिरू दे म्हणून हात जोडले.

रामकिसन दुपारी पुन्हा भोकरदनला जाऊन आला. मातीत गेलेलं आता कामाचं नव्हतं. अस्तर सगळं खरवडून काढलं होतं, ते वाढेपर्यंत दीड महिना थांबणं आलं.

घरात पाय ठेवल्या ठेवल्या तो आईला म्हणाला, "त्याच्यात कॅन्सर हाय का न्हाई ते पाह्यचं व्हतं. आता बसा दीड महिना वाट पाहत."

गोजरबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

तो दीड महिना उषाबाईला भीती वाटत होती, भरपूर वाटत होती. कंबर दुखली की तिला वाटायचं, हेच ते. धाकट्या लेकीचं लग्न व्हायचं होतं. तेवढं तरी आपल्या हातून व्हावं, असं सारखं मनात यायचं. पण सासूचा राग काही येत नव्हता आणि त्याचंच तिला नवल वाटायचं. न्हाणीमागे गेलं की दगडावरचं कुंकू दिसायचं. स्वतःच्या कपाळाला कुंकू लावायचं बंद होऊन वीस वर्षं झालेल्या बाईने ते वाहिलं होतं.

एकदा भाकरी थापता थापता गोजरबाई म्हणाल्या, "मला एकदा शिव्या तरी दे."

"कामून देऊ, आत्याबाई? मह्यासाठीच केलं ना तुम्ही?"

 गोजरबाईंच्या तव्यावरची भाकरी करपली.

मार्चअखेरीस पुन्हा तपासणी झाली. या वेळी गोजरबाई हट्टाने बरोबर गेल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी बाटली पुढे केली तशी रामकिसनच्या आधी त्यांनीच हात केला. जालन्याच्या एसटीत त्या बाटली पदरात गुंडाळून, दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसल्या. शेजारच्या बाईने तूप आहे का म्हणून विचारलं, तर त्यांनी तोंड फिरवलं. लॅबमधल्या माणसाला त्यांनी समोर उभं राहून बाटलीवर उषाबाईचं नाव चिकटवायला लावलं. मग सगळं झाल्यावर हे कुठं टाकता, असं दबकत विचारलं. टाकत नाही आजी, मेणात घालून वर्षानुवर्षं ठेवतो, असं तो म्हणाला.

"जपून ठेवता ना? मंग बराबर हाय," गोजरबाई म्हणाल्या आणि बाटली सोडली.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. अस्तर नुसतं जाड झालं होतं. तीन महिने गोळ्या आणि मग पुन्हा एकदा पाहायचं, एवढंच. पिशवी काढायची तूर्त काही गरज नव्हती. रामकिसनने हे सांगितलं आणि डोळे पुसायला म्हणून गोठ्यात गेला. सासूसुना ओट्यावर राहिल्या.

"मला बी गेल्तं असंच अंगावरून," गोजरबाई एकाएकी म्हणाल्या. "अकरा महिने. तू पहिलटकरीण व्हतीस तवा."

उषाबाईला ते वर्ष आठवलं. सासू वर्षभर गोठ्यात निजायची. अंगाने पार वाळली होती. न्हाऊन कधीमधी घरात यायची, की दोन दिवसांत पुन्हा गोठ्यात. आणि सून मात्र मनातल्या मनात कुढत राहिली होती.

"मला वाटलं तुम्ही मह्यावर रुसल्या."

"तुह्यावर कामून रुसंन? पोटुशी पोर तू. मीच कोनाला सांगलं न्हाई, कळू नये म्हनून पडवी सोडून गोठ्यात निजत व्हते. कोनी इचारलं बी न्हाई." त्या अंगणाकडे बघत राहिल्या. "बाईचं असंच असतं, असं वाटायचं. मरून जाईन वाटायचं, अन भाकरी खायची."

उषाबाईला रडू आलं. सव्वीस वर्षं एका घरात राहून हे आपल्याला ठाऊक नव्हतं, याचंच आलं. तिने सासूचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

एप्रिलच्या शेवटी गोळ्यांची पहिली फेरी संपली आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे चौथ्या दिवशी पाळी आली. उषाबाई सवयीने पडवीत गेली. पोतं जागेवर नव्हतं. अंगणात पाहिलं, दोरीवर पाहिलं, मग विचारायला म्हणून ती माजघराच्या उंबऱ्याशी आली.

पोतं आत होतं. धुऊन वाळवलेलं, पेरणीच्या मुगाने भरलेलं, तोंड सुतळीने शिवून कणगीशेजारी उभं केलेलं. निळं ठिगळ दिसलं म्हणून ओळखू आलं.

गोजरबाई गुडघ्यावर हात टेकून चुलीपुढून उठल्या.

"तवा तापलाय," त्या म्हणाल्या. "आजच्या भाकरी तू टाक. मला आता व्हत न्हाई."

उषाबाई क्षणभर उंबऱ्यावर थांबली. मग तिने हात धुतले आणि परातीपुढे जाऊन बसली.