जलद रांगेचे रद्द कार्ड

मी एक जुने कार्ड आहे, आणि तेही रद्द झालेले. पण मित्रांनो, माझी कीव करू नका. मला राग आला आहे, तो ऐका.

अमेरिकेच्या सीमेवरच्या एल पासो शहरातील परिचारिका युलालियाबाई यांची कसून चौकशी झाली, बोटांचे ठसे घेतले गेले, तेव्हा कुठे माझा जन्म झाला. मला दाखवले, की सीमेवरच्या पुलाची जलद रांग पंधरा मिनिटांत पार! रोज दुपारी बाई नदीपलीकडे, मेक्सिकोतल्या हुआरेसला जात, डोळ्यांनी अधू झालेल्या आईला जेवू घालत आणि परत येत. सहा वर्षे मी त्यांना कधी दगा दिला नाही.

तिकडे कुणाला रिकाम्या हाताने घराबाहेर पाठवत नाहीत. एके दिवशी आईने न सांगता त्यांच्या पिशवीत दोन पेरू सरकवले.

"फळंबिळं काही?" पुलावरच्या अधिकाऱ्याने विचारले.

"छे!" बाई म्हणाल्या, आणि झडतीत पेरू निघाले. न सांगता सीमेपार फळे आणणे म्हणजे नियमभंग!

आठवड्याने पत्र आले: 'आपण अटींत बसत नाही.' बस्, एवढेच! बाईंनी दाद मागितली, तर तेच वाक्य पुन्हा आले. आता साध्या रांगेत तीन तास जातात. रोजची भेट रविवारावर आली, आणि एकटी आई कित्येकदा उपाशीच झोपते.

"माझ्याच पेरूंनी तुझा घात केला गं."

"पेरूंचं नाव तरी लिहिलंय का त्यांनी? उगाच अंगावर ओढून घेऊ नकोस, आई!"

मग नव्या कायद्याच्या मसुद्यावर नगरभवनात सुनावणी ठेवली गेली. कार्ड नाकारले किंवा काढून घेतले, तर कारण लेखी द्यायचे आणि अपील दुसऱ्याच अधिकाऱ्याने ऐकायचे, असा तो मसुदा. बाईंनी मला टेबलावर आपटले. माझा कोपरा दुखावला, पण छाती फुगली!

"रद्द कार्ड परत करायचं असतं, बाई," एक साहेब म्हणाले.

"कारण द्या, कार्ड घ्या."

"आणि कारण तुमच्याविरुद्धच निघालं तर?"

"तर सोसेन. पण आईला काय सांगू? तिची लेक का येत नाही, ते मलाच माहीत नाही!"

बाईंनी मला उचलून पुन्हा पर्समध्ये ठेवले. कायदा अजून व्हायचा आहे. मित्रांनो, उद्या तुमच्या हाती शिक्का आला, तर तो खुशाल मारा. पण ज्याच्यावर माराल, त्याला आधी कारण सांगा. माझे म्हणाल, तर कारण कळेपर्यंत मी बाईंच्या पर्समधून हलणार नाही.