वाढत्या अंगाची बॅग

मित्रांनो, मला जुनी म्हटलेलं आवडत नाही. पण तळाची शिवण उसवून पुन्हा घातलेली आहे, एका चेनचा दात पडला आहे आणि धुतल्यावरही अंगाला कांद्याचा वास येतो, तेव्हा नाही तरी कसं म्हणू? मी लॅपटॉपची बॅग आहे. काळी, दणकट आणि जरा जास्तच मोठी. माझ्या आयुष्यात जे काही बरंवाईट झालं, ते या जास्तच मोठं असण्यामुळे झालं.

माझा जन्म सोलापुरातल्या एका शिलाई कारखान्यात झाला. शाळांचे गणवेश शिवणाऱ्या बायकाच तिथं बॅगाही शिवत. दुपदरी कापड, मधे फोमचा थर, खांद्यांना रुंद पट्टे. सगळ्यात मोठ्या पडद्याच्या लॅपटॉपसाठी मला बेतलं होतं. शिवून झाल्यावर एका बाईने माझे पट्टे दोन्ही हातांनी ओढून पाहिले आणि म्हणाली, "हिला काय होत न्हाय." मला ते आशीर्वादासारखं वाटलं. मग मी शुक्रवार पेठेत बसप्पांच्या दुकानात आले आणि खिळ्याला लटकून गिऱ्हाइकाची वाट पाहू लागले.

एके दिवशी दुकानात त्रिंबक आले. ते सोलापूरजवळच्या कुंभारी गावात राहतात आणि सुताची गाठोडी वाहणारा टेम्पो चालवतात. त्यांची मुलगी बुद्धप्रिया टॉवेल-चादरींवरची नक्षी लॅपटॉपवर काढायला शिकत होती. तिला न सांगता बॅग न्यायची, असं त्यांच्या मनात होतं. त्यामुळे लॅपटॉप अर्थातच घरी होता. बसप्पांनी विचारलं, "केवढा हाय ओ लॅपटॉप?" त्रिंबकांनी हवेत दोन हात धरून माप दाखवलं. बसप्पांनी मधल्या मापाची एक बॅग काढली, तशी त्रिंबकांनी मान हलवली.

"ह्याच्यापेक्षा मोठी दावा. वाढत्या अंगाची."

"ओ मालक, लॅपटॉप वाढतोय व्हय?"

"लॅपटॉप न्हाय वाढत. पोरगी वाढंल की!"

त्यांना हसू नका, मित्रांनो. त्या घरात सगळंच असं आणलं जाई. बुद्धप्रियाच्या गणवेशाच्या बाह्या कायम दुमडलेल्या असत आणि नव्या चपलेत पुढे कापूस असे. कापूस निघाला की चप्पल बसली असं समजायचं. त्याच हिशेबाने त्यांनी मला खिळ्यावरून खाली उतरवलं.

घरी प्रियाने लॅपटॉप माझ्यात ठेवला आणि माझ्या काळजात धस्स झालं. तो आत मोकळाच होता. त्याला धरून ठेवणारा माझा आतला पट्टा त्याच्यापर्यंत पोचतच नव्हता. मला जरा तिरकी केली की तो या भिंतीवरून त्या भिंतीवर जाऊन आदळे. प्रियाच्याही ते लक्षात आलं होतं, कारण तिने मला एकदा हळूच हलवून पाहिलं. पण समोर बाप हसत उभा होता. "लई भारी हाय, पप्पा," ती म्हणाली. त्या दिवसापासून ती लॅपटॉप एका जुन्या ओढणीत गुंडाळून माझ्यात ठेवू लागली.

उरलेल्या जागेची काळजी तिच्या आईने, राजश्रीबाईंनी घेतली. मोकळी जागा त्यांना बघवतच नसे. डबा, छत्री, शेंगाचटणीची डबी, एकदा तर शेजारणीला द्यायची दुधी भोपळ्याची फोडसुद्धा! बाहेरून मी मोठ्या ऐटीत मिरवत असे. शेअर रिक्षात लोक मला पाहून सरकून बसत. आत मात्र प्रत्येक ब्रेकला माझा जीव टांगणीला लागलेला असे. लॅपटॉपचा एक कोपरा उडाला, पडद्याची बिजागरी सैल झाली. मी सांभाळायला जन्मले होते आणि माझ्याच पोटात तो मार खात होता. याचं दुःख बॅगेलाही होतं, मित्रांनो.

शिक्षण संपल्यावर प्रियाला एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात कामावर घेतलं, पण तात्पुरतं. मालक दिग्विजय यांनी स्पष्टच सांगितलं होतं, "पुण्याच्या उत्कर्षा मॅडम हॉटेलांसाठी टॉवेल घेतात. त्या येणार आहेत. तुझी नक्षी त्यांना पटली तर तू पक्की. न्हाय तर मला दुसरा माणूस बघावा लागंल." प्रियाने पांढऱ्या टॉवेलच्या काठावर मरून रंगाची ज्वारीची कणसं काढली होती. मागावर एकच नमुना विणून मिळाला होता. शिवाय मॅडमसमोर बसून रंग बदलून दाखवायचे होते आणि त्यासाठी लागणारं सगळं त्या एका लॅपटॉपमध्ये होतं.

तो दिवस उजाडला. एप्रिलचं ऊन सकाळीच चटके देत होतं. रोजची ओढणी धुवायला पडली होती, म्हणून प्रियाने लॅपटॉप त्या नमुन्याच्या टॉवेलमध्येच गुंडाळला. दोन्ही एकदमच बाहेर काढायचे होते ना! तेवढ्यात राजश्रीबाई ताकाची बाटली घेऊन आल्या.

"आई, आज नको."

"ऊन बघ की भाईर! आत मायंदाळ जागा हाय. बाटली काय खायला मागतीया व्हय तुला?"

बाटली कोल्ड्रिंकची होती, तिचं झाकण दुसऱ्याच कुठल्या तरी बाटलीचं होतं. ते एक आटा फिरलं आणि अडकलं. राजश्रीबाईंना वाटलं, घट्ट बसलं. मला कळलं होतं, पण मी कोणाला सांगणार? प्रियाने चेन ओढली, मला पाठीवर घेतलं आणि ती बापाच्या मोटारसायकलवर बसली.

पहिल्या गतिरोधकाला बाटली आडवी झाली. दुसऱ्याला लॅपटॉप घसरून तिच्यावर जाऊन पडला. पुढे रस्ता उकरलेला होता. त्रिंबक उशीर होईल म्हणून घाईत होते. "घट्ट बस गं," ते ओरडले. ती घट्ट बसली, पण आत घट्ट धरणारं कोणी नव्हतं. आंबूस ताक घुसळलं जात होतं, उन्हाने तापत होतं आणि बाटली फुगत चालली होती. मग झाकणाखालून फस्स असा आवाज आला. पहिला थेंब माझ्या तळावर पडला. पाठोपाठ दुसरा. मग थेंब मोजण्यासारखे राहिले नाहीत, धारच लागली.

माझ्या तळाशी ताक साचू लागलं. टॉवेल ते पिऊ लागला. एक घडी भिजली, मग दुसरी. मी शिवणी आवळून धरायचा प्रयत्न केला, पण मी मोठी होते, ढगळ होते, ताक हवं तिकडे पळत होतं. आता टॉवेलची एकच बाजू कोरडी उरली होती आणि त्याच बाजूला लॅपटॉपची चार्जर लावायची खाच होती. ओल एकेक धागा पुढे सरकत होती. मी मनात म्हणत होते, पोचा, लवकर पोचा.

कारखान्याच्या फाटकाशी गाडी थांबली. "भिऊ नको. जय भीम," त्रिंबक म्हणाले. "जय भीम, पप्पा," म्हणून प्रिया आत गेली. तिच्या पाठीवर ओलसर लागत होतं. तिला वाटलं, घाम असेल.

आत दिग्विजय आणि उत्कर्षा मॅडम बसल्या होत्या. प्रियाने मला खुर्चीवर ठेवलं, चेन उघडली आणि ती तशीच थांबली. ताकाचा वास खोलीभर झाला. ओला टॉवेल बाजूला करून तिने लॅपटॉप ओढणीच्या टोकाने पुसला. कडा ओलसर होत्या, खाच कोरडी होती. तिने बटण दाबलं. काहीच झालं नाही. तिने पुन्हा दाबलं आणि दाबूनच धरलं. मी खुर्चीवर तोंड वासून पडले होते आणि माझ्यातून थेंब थेंब गळत होतं. शेवटी पडद्यावर उजेड आला. त्या उजेडाइतकं सुंदर मी आजवर काही पाहिलेलं नाही.

प्रियाने कणसं दाखवली, रंग बदलले, काठ रुंद केला, अरुंद केला. बोलताना तिचा आवाज हळूहळू सावरला. मॅडम पुढे झुकून पाहू लागल्या. मग म्हणाल्या, "छान आहे. विणलेला नमुना दाखवा."

प्रियाने टॉवेल टेबलावर ठेवला. पांढऱ्या भागावर पिवळट डाग होता आणि एका कणसावर कोथिंबिरीचं पान चिकटलं होतं.

"हे काय आणलंयस?" दिग्विजय यांचा चेहरा लाल झाला.

"सर, ताक सांडलं. लॅपटॉप ह्याच्यातच गुंडाळला होता." सबब सांगायला तिच्याकडे बरंच काही होतं. तिने तेवढंच सांगितलं.

मॅडमनी टॉवेल बोटांनी चिमटून पाहिला. मग म्हणाल्या, "सगळं यानंच प्यायलं? बरं. आता हा इथंच धुवा. आमच्याकडे टॉवेल रोज गरम पाण्यात धुतात. मरून रंग पांढऱ्यावर उतरला, तर नक्षी कितीही छान असली तरी मला घेता येणार नाही."

हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. रंगखात्यातून उकळतं पाणी आलं, स्टीलचं घमेलं आलं. प्रियाने बाह्या वर सारल्या आणि टॉवेल बुडवला. ताकामुळे पाणी पांढुरकं झालं. रंग सुटला की नाही, कळायला मार्ग नव्हता. दुसरं पाणी साबणाच्या फेसाने झाकलं गेलं. दिग्विजय येरझाऱ्या घालत होते. शेडमधले माग खडखडत होते. तिसरं पाणी आलं. प्रियाने टॉवेल चोळला, पिळला आणि डोळे मिटून घेतले. मॅडमनी आपला रिकामा चहाचा पांढरा कप धुतला, घमेल्यातून तो भरून घेतला आणि दारातल्या उजेडात धरला.

"पाणी पाण्यासारखंच आहे," त्या म्हणाल्या.

प्रियाने डोळे उघडले. काठावरची कणसं गडद होती आणि पांढरा पांढराच होता. "पुढच्या सोमवारपासून पक्की," दिग्विजय म्हणाले आणि मटकन खुर्चीत बसले. निघताना मॅडमची नजर माझ्यावर पडली. "लॅपटॉप केवढा आणि बॅग केवढी! कोणी निवडली?"

"पप्पांनी आणलीय," प्रिया म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. मला रडता आलं असतं तर मी रडले असते.

संध्याकाळी त्रिंबकांनी सगळं ऐकलं, लॅपटॉप माझ्यात ठेवला आणि मला हलवून पाहिलं. त्यानंतरच्या रविवारी बापलेक बसप्पांकडे गेले. या वेळी लॅपटॉप बरोबर होता. त्रिंबकांनी तो एका नव्या, लहान बॅगेत ठेवला, आतला पट्टा लावला, बॅग कानाशी धरून हलवली. आवाज आला नाही. मग त्यांनी विचारलं, "बाटलीला भाईरनं जागा हाय का?" बसप्पा हसले. मी प्रियाच्या खांद्यावरून सगळं पाहत होते. चुकलेला माणूस किती नीट शिकतो, ते मी त्या दिवशी पाहिलं.

नवी बॅग प्रियाच्या पाठीवर गेली आणि मी टेम्पोत. कधी माझ्यात पाने-पक्कड असे, कधी कांदे, कधी पाऊस आला तर असावा म्हणून कोंबलेला रेनकोट. तळाची शिवण उसवली. एकदा राजश्रीबाई मला भंगारात द्यायला निघाल्या होत्या. त्रिंबकांनी मला त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि दाराआड अडकवलं. तिथं मी वर्षभर लटकत होते.

काल प्रियाने मला अचानक खाली उतरवलं, उलटी करून कांद्याची सालं झटकली, साबणाने घासली आणि तारेवर वाळत टाकली. मला वाटलं, झालं, आता कोणाला तरी देऊन टाकणार. रात्रभर मला धास्ती होती. सकाळी तिने एक भला मोठा लॅपटॉप आणला. कारखान्याने नक्षीकामाची सगळी जबाबदारी तिच्यावर टाकली होती आणि त्यासाठी हे मोठ्या पडद्याचं मशीन दिलं होतं. लहान बॅगेत ते जात नव्हतं. तिने ते माझ्यात ठेवलं. माझा पट्टा त्याच्यापर्यंत पोचला, आयुष्यात पहिल्यांदाच पोचला. तिने मला हलवलं. मी कान देऊन ऐकलं. आत काही हललं नाही.

त्रिंबक दारात उभे होते. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "म्हणलं व्हतं न्हवं? वाढत्या अंगाची घेतलीया!"

सगळे हसले. मीही हसले, पण तुम्हाला खरं सांगते, मित्रांनो. मी इथवर पोचेपर्यंत एका लॅपटॉपने फार मार खाल्ला आणि एका मुलीची नोकरी एका कोरड्या घडीवर तरली. तेव्हा बॅग घ्यायला जाल, तर लॅपटॉप घरी ठेवून जाऊ नका. तो आत ठेवून हलवून पाहा. रोज काय काय न्यायचं आहे आणि कशावर बसून जायचं आहे, तेही आठवा. आणि एखादी बॅग आज जुळली नाही, तर तिला लगेच भंगारात टाकू नका.

आत्ता प्रियाने माझी उसवलेली शिवण घालून घेतली आहे. दारात मोटारसायकल सुरू आहे. राजश्रीबाई ताकाची बाटली घेऊन आल्या, माझ्याकडे पाहून थबकल्या, आत गेल्या आणि बाटलीसाठी वेगळी कापडी पिशवी घेऊन परत आल्या.