चार-चार ठोके

मित्रांनो, मी फणसाच्या लाकडाचा एक जुना केंतोंगान, म्हणजे ठोकून इशारा द्यायचा ओंडका आहे. पोटात पोकळ, समोर लांब चीर, शेजारी दोरीला बांधलेलं टिपरू. सेमारांग शहराच्या पूर्वेकडच्या एका वसाहतीत, चौकीच्या छपराखाली मी टांगलेला असे. मला कोरणारा सुतार म्हणाला होता, "याच्या पोटात काही राहायचं नाही. ठोकलं की बाहेर!"

माझी भाषा अगदी सोपी होती. दोन-दोन ठोके म्हणजे चोर, तीन-तीन म्हणजे आग, चार-चार म्हणजे पाणी आलं. चोर माझ्या आयुष्यात एकदाच आला, तोही कोंबडीचा. आग कधीच लागली नाही. चार-चार मात्र दर पावसाळ्यात वाजले. लोक तेव्हा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणत, "हा होता म्हणून वाचलो."

मग जवळच कॉलेज उघडलं, रस्ता रुंद झाला आणि लोकांनी एकाला दोन घरं घेऊन ठेवली. एक राहायला, एक भाव चढल्यावर विकायला. तेव्हापासून माझ्यासमोरून जाताना माणसं पाण्याबद्दल हळू आवाजात बोलू लागली.

एका ऑगस्टमध्ये लारस आली. आमच्याकडे ऑगस्ट म्हणजे कोरडा ठणठणीत. तिच्या कमरेला झोळीत दीड वर्षाची किनान होती. नवरा जहाजावर, घर तिने एकटीने पाहायचं होतं, आणि सहीसुद्धा त्याच दुपारी करायची होती.

"ताई, कोपऱ्यावरचं घर म्हणजे सोनं," दलाल बायू म्हणाला. "सकाळपासून पाच जण बघून गेले."

"पाणी भरतं का इथे?"

"छे! इथे पाणी भरलं तर मी मिशी काढीन."

"तुम्हाला मिशी नाहीये."

तो मोठ्याने हसला. ती हसली नाही. मी वरून पाहत होतो. त्या बाईची नजर भिंतीवरून सरकत होती. रंग ताजा होता, पण कमरेपर्यंतच. विजेची बटणं खांद्याच्याही वर. शेजारच्या तुमिनीकाकूंचा फ्रीज चार विटांवर उभा.

"काकू, फ्रीज एवढा उंच का हो?"

"सवय गं. खालून झाडायला बरं पडतं. चहा घेतेस?"

तुमिनीकाकू वाईट बाई नव्हत्या. पण शेजाऱ्याचं घर विकलं जात असताना वाकडं बोलणं म्हणजे त्याच्या अन्नात माती कालवणं, असं आमच्याकडे मानतात. पुढच्या घरी विचारलं, तिथेही चहाच मिळाला.

किनानला सावली हवी म्हणून लारस चौकीत आली. खांबावरचा माझ्या ठोक्यांचा फिकट तक्ता तिने वाचला. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग टिपरू उचललं.

चार. चार. चार.

आकाशात ढगाचा ठिपका नव्हता, तरी कुणी वर पाहिलं नाही! तुमिनीकाकूंनी तांदळाचा डबा टेबलावर चढवला. वसाहतीचे प्रमुख सुगेंगदादा मोटारसायकल ढकलत मशिदीच्या उंचवट्यावर निघाले. दोघांनी एका आजोबांना खुर्चीसकट उचललं. आणि बायूने बूट काढून हातात घेतले होते.

मग सगळे थबकले.

"ताई, खोटी हाक देणं गुन्हा आहे इथे!" सुगेंगदादा ओरडले.

"माफ करा, दादा. खरं कुणी सांगेना, म्हणून दिली." ती तुमिनीकाकूंकडे वळली. "काकू, कुठपर्यंत येतं?"

तुमिनीकाकूंनी खाली मान घालून हात कमरेशी धरला. लारसने किनानला झोळीतून काढून त्या हाताशेजारी उभं केलं. पोरीचं डोकं हाताच्या बरंच खाली राहिलं. सही न करताच ती निघून गेली.

पुढच्या रविवारी सभा भरली. "फोनवर गट आहे ना आपला? मग याचं काय काम?" सुगेंगदादा म्हणाले. "उद्या माझंही घर विकायचंय मला." सगळ्यांनी माना डोलावल्या. तुमिनीकाकूंनी शेंगदाणे फिरवले. माझी दोरी कापली गेली.

आता मी लग्नाकार्याच्या खुर्च्यांच्या खोलीत पडलो आहे. पायाशी वाळवी लागली आहे. कोपऱ्यावरचं घर महिन्याभरात विकलं गेलं. भिंतीपलीकडून तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू येतं. त्याची आईही घर घेताना काकूंना विचारत होती, "पाणी भरतं का हो?"

"नाही गं. चहा घेतेस?"

मित्रांनो, पावसाळ्याचे पहिले ढग समुद्रावर जमायला लागले आहेत, असं खुर्च्या न्यायला आलेले बोलत होते. माझी वाळवी नंतर झाडा. मला पुन्हा टांगायची लाज वाटत असेल तर टांगू नका. इथेच, अंधारात ठोका. फक्त कोपऱ्यावरच्या घरात ऐकू जाईल इतक्या जोरात.