शिटी ऐकून सोडलेला डोंगा

सोनघाटला नदी आधी आली, मग गाव, आणि रेल्वे सगळ्यांत शेवटी. पण गावाला त्याची हकीकत विचारा, ते रेल्वेपासूनच सुरू करणार. तीही आत्ताची मोठी गाडी नव्हे, छोटी गाडी. अरुंद रुळांवरून सागाच्या जंगलातून डुलत यायची, चढावर धापा टाकायची. मोहफुलं दिसली की माणसं उतरून ओटीभर वेचायची आणि पळत जाऊन पुन्हा चढायची, असं गाव शपथेवर सांगतं. खोटं म्हणायला आपण कोण?

या गाडीच्या आणि नदीच्या मधे मुश्ताकभाई उभा असायचा. नोकरीने तो सांधेवाला, म्हणजे रुळांचे सांधे बदलून गाडीला वाट करून देणारा. पण त्याचं मोठं काम कुठल्या कागदावर नव्हतं. पलीकडच्या काठावर मोहटोला होतं आणि मोहटोल्यात घड्याळ नव्हतं. पिंपळाच्या वळणावर शिटी झाली की तिथली माणसं डोंगा, म्हणजे त्यांची लाकडी होडी, पाण्यात लोटत. वळणापासून टेशनापर्यंत आधी चढ, मग टाकीवर इंजिनाचं पाणी, असा गाडीला अर्धा तास लागे. डोंग्याला वीस मिनिटं पुरत. त्यातूनही डोंगा मागे राहिलाच, तर मुश्ताकभाई इंजिनापाशी जाऊन म्हणे, "डोंगा हाय." ड्रायव्हर बिडी पेटवे. चौतीस वर्षांत डोंग्यातल्या एकाही माणसाची गाडी चुकली नाही, हे त्याने चहाच्या टपरीवर इतक्यांदा सांगितलं होतं की शेवटचं वाक्य टपरीवालाच म्हणून टाकायचा.

मग छोटी गाडी बंद झाली आणि त्याच साली मुश्ताकभाई रिटायर झाला. रूळ उखडले, बांध उंच झाला. पाच वर्षांनी, नव्व्याण्णवच्या भादव्यात, मोठी गाडी आली. पहिल्या दिवशी ती हारांनी लादलेली, नव्या नवरीसारखी पाय मोजत आली. मुश्ताकभाईने डोळे भरून पाहिली आणि नवं टाइमटेबल रात्रीतून पाठ केलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोहटोल्याचा वारलू डोंगेवाला त्याच्या दारात आला. वारलूच्या पोरीला, मंजुषाला, चंद्रपूरला नर्सच्या शिक्षणाला जागा मिळाली होती. उद्या दुपारपर्यंत हजर व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या पोरीची.

"कवा निंगाव, मुश्ताकभाऊ?"

"काऊन घाबरून राह्यला? शिटी आयक अन् डोंगा सोड. मी आहो ना टेशनवर."

आतून शमसुन्निसा म्हणाली, "तुमी आता नोकरीवर नाई, ध्यानात ठेवा." बायकोचं खरं असलं की मुश्ताकभाईला नेमकं ऐकू येत नसे.

सकाळी नदीवर धुकं होतं. शिटी झाली. पलीकडे डोंगा हलला, धुक्यात एक ओढणी आणि एक पत्र्याची पेटी दिसली. मुश्ताकभाईने निवांत बिडी पेटवली. ती अर्धीही झाली नाही तोच इंजिन फलाटाला लागलं. डोंगा अजून पाव नदीतसुद्धा नव्हता.

तो धावत गार्डाकडे गेला. "साहेब, डोंगा हाय."

गार्ड तरुण होता, बोलायला चांगला होता. "कसला डोंगा, बाबा?" त्याने खरंच विचारलं. मग घड्याळ बघितलं, हिरवं निशाण हलवलं आणि गाडी गेली.

मुश्ताकभाईला लाज वाटली, इतकी की फलाटावर उभं राहवेना. तो घाटावर उतरला आणि गुडघाभर पाण्यात जाऊन थांबला. डोंगा टेकला तेव्हा म्हणाला, "माही चूक हाय, पोरी. टाइमटेबल पाठ केलं, गाडीची चाल मोजलीच नाई."

मंजुषा रडली नाही. पेटीची कडी घट्ट धरून बसली. वारलू वल्ह्याने डोंगा काठाशी धरून गाडी गेली तिकडे बघत होता.

तेव्हा त्या पाठ केलेल्या टाइमटेबलमधलीच एक ओळ मुश्ताकभाईला आठवली. पुढल्या देवटेक टेशनावर ही गाडी समोरच्या मालगाडीला वाट द्यायला पाऊण तास उभी असते. रूळ पहाडीला वळसा घालतात, नदी मात्र सरळ देवटेकच्या पुलाखाली जाते. तो डोंग्यात चढला. "वारलू, धारेले लाव!"

पाण्याला ओढ होती. डोंगा धुक्यातून असा निघाला की काठच मागे सरकतायत असं वाटावं. चौतीस वर्षांत मुश्ताकभाईने नदीवरून रेल्वे कधी पाहिलीच नव्हती. छोट्या गाडीच्या पुलाचे दगडी खांब पाण्यात नुसतेच उभे होते, प्रत्येकावर एकेक बगळा. पाण्याची टाकी वेलींनी झाकून गेली होती. मधेच त्याला वाटलं, झाडांच्या पलीकडून छोटी गाडी डोंग्याच्या बरोबरीने चालली आहे, खिडकीतून कुणी हात हलवतंय. त्यानेही हात हलवला. मंजुषाने पाहिलं आणि पहिल्यांदा हसली.

"कोण हाय, चाचा?"

"वळखीचे हाय," तो म्हणाला.

देवटेकच्या पुलावरून मालगाडी धडधडत गेली तेव्हा डोंगा काठापासून वीस हात दूर होता. मग सगळी धांदल. वारलूने पेटी डोक्यावर घेतली, पोरीने चपला हातात घेतल्या, मुश्ताकभाई गुडघे धरून मागे. गाडी हललीच होती. वारलूने पेटी दारात ढकलली, आतल्या बायांनी मंजुषाला हाताला धरून ओढलं. गाडी वेगात गेली. फलाट रिकामा झाला.

"भेटली गा गाडी!" मुश्ताकभाई धापा टाकत म्हणाला.

वारलू फलाटावर खाली बसला. तोंडाला गमछा लावून रडू लागला.

"पोरीसंग बोललोच नाई मी. रातभर जुळवून ठेवलं होतं. म्हटलं, टेशनवर गाडी उभी राह्यली का बोलीन."

ड्रायव्हरची बिडी संपेपर्यंत डब्याच्या दाराशी माणसं काय बोलत असतील, हे मुश्ताकभाईने कधी ऐकलंच नव्हतं. तो तेव्हा इंजिनापाशी असायचा. तो वारलूच्या शेजारी टेकला.

"मले सांग. काय बोलनार होता?"

वारलूने गमछ्याने तोंड पुसलं.

"काई नाई," तो म्हणाला. "जेवत जाजो म्हनत होतो."